कमरुन्निसाच्या दारातली मेक्सिकोची टमाटी

नळाला तासभर पाणी, एप्रिलचं ऊन, आणि झाड फळाचं नाव घेत नाही. अशा झाडाला तुम्ही तांब्याभर पाणी घातलं असतंत? खोटं बोलू नका.

१९७३ साली चिंचवडच्या चाळीत कमरुन्निसा घालत होती. नवरा अजीज कंपनीत फिटर. मशीन बसवायला आलेल्या मेक्सिकोच्या इंजिनिअरनं त्याला पुडीत बी दिलं होतं, चटणीच्या हिरव्या टमाटीचं. दोनच रोपं जगली. एक तिनं रॉकेलच्या डब्यात लावलं, दुसरं तसल्याच डब्यात समोरच्या यशोदाबाईंना दिलं. पुढं नळावरच्या नंबरावरून दोघींची अशी जुंपली, की महिनाभर बोलणं बंद.

तिनं बुडाशी पाचट अंथरलं, दुपारी वर ओलं पोतं बांधलं, तांदूळ धुतलेलं पाणी घातलं. झाड कमरेएवढं झालं, पिवळ्या फुलांनी भरलं. फुलं मात्र रोज गळायची.

"रविवारी उपटून टाकणार," अजीज म्हणाला. "प्यायला पाणी नाही, अन् तू शोभा पाळतेस!"

समोरच्या झाडाचीही तीच गत. मंगळवारी तिनं ताठा बाजूला ठेवला.

"यशोदाबाई, तुमचं पण नुसतं फुलतंय का?"

"महिन्यानं तोंड उघडलं, ते हे इचारायला?" यशोदाबाई बीडकडच्या, शेतकऱ्याघरच्या. पण झाडाचं म्हटल्यावर राग किती टिकणार! "पपईला नर लागतो बघ. ह्याला बी जोडी लागत असंल. आण तुझा डबा."

"तुमचा आणा. माझा जड आहे."

"भांडखोर ती भांडखोरच!" म्हणत त्यांनी आपला डबा उचलून तिच्या डब्याला भिडवला.

दोन्ही झाडांच्या फांद्या एकमेकींत शिरल्या. मधमाश्या इकडून तिकडं फिरू लागल्या.

रविवारी अजीजनं खोडाला हात घातला आणि तसाच थांबला. फुलं सुकली होती, पण देठ गळले नव्हते. प्रत्येक देठाला हरभऱ्याएवढा, पातळ टरफलाचा हिरवा कंदील!

"कमरू, हे काय गं?"

तिनं यशोदाबाईंना हाक मारली. बघता बघता कंदील फुगले, आतलं फळ वाढून टरफल टराटरा फाटलं. ह्या टमाटीला स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. समुद्रापलीकडचं झाड, एवढ्या उन्हात, फक्त सोबतीसाठी अडलं होतं! अख्खी चाळ बघायला लोटली. अजीज स्वतः पाणी घालू लागला.

तुमच्या दारातही असं एखादं फुलून रितं राहणारं झाड असेल. उपटू नका राव. आधी समोरचं दार वाजवा, भांडण असलं तरी.