पत्र्याखालचा लॅपटॉप

नवा लॅपटॉप घ्यायचा तर तो थंडीत घ्यावा, हे मला आता कळतं. मी घेतला तो मे महिन्यात.

गिरगावातल्या ज्या छापखान्यात मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवायचे, तो मालकांनी बंद केला. त्यांची मुलं परदेशात होती, जागेला गिऱ्हाईक आलं होतं. निरोप देताना म्हणाले, "तुझ्या हातात काम आहे. आता स्वतःचं सुरू कर." मी लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग थोडंफार शिकून घेतलं होतं. साठवलेले पैसे काढले आणि लॅमिंग्टन रोडला जाऊन एक जाडजूड, जड लॅपटॉप घेतला. दुकानदार बिल करता करता म्हणाला, "ताई, पहिले आठ दिवस याला अजिबात आराम देऊ नका. भरपूर काम लावा. खोट असेल तर आत्ताच बाहेर येईल, मी बदलून देईन. नंतर आलात तर सर्व्हिस सेंटरच्या चकरा."

घरी आम्ही दोघंच. मी आणि बाबा. आई जाऊन काही वर्षं झाली होती, थोरली बहीण लग्न होऊन कल्याणला. काळाचौकीतली आमची चाळ, सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर पत्रे. बाबा गिरणीत सूतखात्यात होते. संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. मग कुठे वॉचमन, कुठे कुरियरच्या पिशव्या, असं करत त्यांनी आम्हाला वाढवलं. आता ते दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे.

मी लॅपटॉप खोक्यातून काढला तेव्हा ते आत आले. चारी बाजूंनी बघून म्हणाले, "ह्याचा इंजिन खय असा?"

मी बाजूची जाळी दाखवली. आतला पंखा फिरायला लागला होता, गरम वारा बाहेर येत होता. त्यांनी जाळीपुढे तळवा धरला. "श्वास घेता," म्हणाले, आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

मी तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम टाकून घेतला होता. कोपऱ्यात आकडा दिसायचा, ताप मोजावा तसा. नुसतं टायपिंग केलं, फोटो उघडले, की आकडा पन्नासच्या आसपास. ठीक होतं. पण टायपिंग करायला मी तो घेतलाच नव्हता. त्याला खरं काम लावायचं म्हणजे एक मोठा व्हिडिओ घ्यायचा, त्याचे रंग सुधारायचे, कापायचा, जोडायचा आणि मग सगळा नव्याने बनवायला सोडून द्यायचा. माझ्याकडे एवढा मोठा व्हिडिओ एकच होता, बहिणीच्या लग्नाचा. छापखान्यात असतानाच मी ती जुनी कॅसेट सीडीवर करून घेतली होती. करून घेतली आणि कपाटात ठेवून दिली. बघायचा धीर झाला नव्हता, कारण त्यात आई होती.

दुपारी जेवणं झाल्यावर मी व्हिडिओ आवाज बंद करून चढवला, त्याच्याकडे फारसं न बघता काम लावलं आणि आकड्याकडे बघत बसले. सत्तर. ऐंशी. पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. नव्वदच्या वर गेल्यावर मशीनने स्वतःचा वेग स्वतःच कमी केला. जळून जाऊ नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं, हे मला माहीत होतं. पण एवढ्या लवकर? मशीनमध्येच खोट आहे की खोलीत, काही कळेना. खोलीत तर माझ्याच कपाळावरून घाम गळत होता. मी ते काम थांबवलं आणि लॅपटॉप निवायला ठेवून नळावर गेले.

परत येऊन बघते तर बाबांनी एक पंचा ओला करून, पिळून, चार घड्या घालून लॅपटॉपच्या खाली सारला होता. वर दुसरा ओला फडका टाकायच्या बेतात होते.

"बाबा, पाणी नको!" मी लॅपटॉप उचललाच. खालून थेंब पडत होते. प्लग काढला, मशीन बंद केलं, कोरड्या कपड्याने पुसलं, आणि पंख्याखाली उपडं ठेवलं. बाबा ओला फडका हातात धरून उभे होते.

"आमच्या खात्यात वरसून पाणी फवारीत," ते म्हणाले. "हवा सुकी झाली की सूत तुटता. ओलावा व्हयोच."

"हे सूत नाही ना बाबा. याला कोरडं लागतं. कोरडं आणि गार."

त्यांनी फडक्याची घडी मोडली. "गिरणीत दोनीव नाय होता," म्हणाले. "गरम आणि ओला. बारा महिने." मग फडका दांडीवर वाळत घातला आणि खाली माझ्यासमोर येऊन बसले. लॅपटॉप सुकेपर्यंत दोघांनाही काही उद्योग नव्हता, म्हणून असेल, ते संपाबद्दल बोलायला लागले. एरवी तो विषय ते काढत नसत.

संप सुरू झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. मला आठवतं ते एवढंच की बाबा दुपारी घरी असायचे आणि आम्हाला त्याची मजा वाटायची. त्यांची आठवण वेगळी होती. ते म्हणाले की तोवर आयुष्यात त्यांनी ही खोली मे महिन्याच्या दुपारी कधी बघितलीच नव्हती. पहिल्या किंवा दुसऱ्या पाळीला असले तर दुपार गिरणीत जायची. रात्रपाळी असली तर खालच्या मजल्यावर गाववाल्यांच्या खोलीत झोपायला जायचे, कारण वर मुलींचा गोंगाट. संपात पहिल्यांदा दुपारचे घरी बसले तेव्हा त्यांना कळलं, पत्र्याखाली काय होतं ते. आई स्टोव्हपुढे बसून शेजारच्या बिऱ्हाडांचे डबे करत होती. संपात तिने ते काम धरलं होतं.

"मी तिका म्हटलंय, गो, तू हयसर रोज कशी बसतस? तर म्हणाली, मग खय बसू?"

दुसऱ्या दिवशी बाबा आणि गॅलरीतले आणखी दोघे-तिघे संपकरी पत्र्यावर चढले. कुठून तरी चुना मिळवला होता, तो बादलीत कालवला आणि सगळ्या पत्र्यांना हात दिला. पांढऱ्या पत्र्यावर ऊन कमी लागतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. खालून बायका हसत होत्या, म्हणत होत्या, गिरणी नाही तर आता चाळ रंगवा. पण खोली थोडी निवली. आई म्हणाली की आता भांड्याला हात तरी लावता येतो, चटका बसत नाही. पावसाळ्यात चुना सगळा वाहून गेला. पुढच्या वर्षी पत्र्यावर चढायचा उत्साह कुणाच्यात राहिला नव्हता. अर्ध्या खोल्यांना कुलपं होती, माणसं गावाला निघून गेली होती.

हे सगळं बाबांनी अगदी सपाट आवाजात सांगितलं. मग म्हणाले, "बघ, सुकला काय तो."

सुकला होता. चालूही झाला. या वेळी मी त्याच्या चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची बुचं ठेवली, म्हणजे खालून हवा खेळेल, आणि टेबलफॅन जवळ ओढला. तरीही नव्वद. वेग पुन्हा मंदावला, आणि स्क्रीनवरचा व्हिडिओ सरकत, अडखळत, चित्राचित्राने पुढे जायला लागला.

बाबा मागे उभे होते, मला कळलं नाही. चित्रात चाळीचं पटांगण होतं, मांडव, पत्रावळींची रांग, आणि आई भाताचं पातेलं घेऊन वाढत चालली होती. मशीन इतकं मंद झालं होतं की तिचं एकेक पाऊल पडायला वेळ लागत होता. तिने पातेलं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. कुणाकडे तरी बघून हसली. एरवी हे सगळं क्षणात निघून गेलं असतं.

"बाबा, बंद करते हं. फार तापलंय."

"रव," ते म्हणाले. थांब.

आकडा पंच्याण्णव दाखवत होता. नवीन मशीन, माझी सगळी पुंजी त्यात. माझा हात बटणाकडे गेलेला होता. बाबांनी कोपऱ्यातला वेताचा पंखा उचलला, खाली मांडी घातली आणि लॅपटॉपच्या जाळीला वारा घालायला लागले. आजारी माणसाला घालावा तसा, हळूहळू, नजर न काढता. मी हात मागे घेतला. आई पटांगणाच्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि मांडवाच्या खांबाआड दिसेनाशी झाली. मग बाबाच म्हणाले, "आता बंद कर." डोळे पुसले नाहीत, काही नाही. पंखा जागेवर ठेवला आणि गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात नेला. दुकानदाराने एसीत बसून तेच काम त्याला लावलं. आकडा ऐंशीच्या खालीच राहिला, वेग कुठे कमी झाला नाही. त्याने जाळीतून टॉर्च मारून आतला पंखा बघितला, तोही ठीक. "मशीनमध्ये काही नाही, ताई," तो म्हणाला. "तुम्ही कुठे बसून काम करता?"

"घरी. वर पत्रा आहे."

"मग मी बदलून दिलं तर दुसरंही तसंच तापेल. खोलीला एसी लावा."

आमच्या खोलीच्या वायरिंगवर एसी लावला असता तर ठिणग्यांनी चाळीत दिवाळीच झाली असती. मी मान हलवून परत आले. जिन्यात तळमजल्यावरची मावशी भेटली. तिचं माहेर शीव कोळीवाड्याचं, लालबागच्या बाजारात मासे विकायची. माझं तोंड बघून विचारलं, मी सांगितलं.

"गरम होतो ना? मग बर्फ घे. आणते मी पेटीभर."

"मावशी, बर्फाचं पाणी होतं. पाण्याने तो मरतो."

"मासा बर्फाशिवाय मरतो आणि हा बर्फाने मरतो," ती म्हणाली. मग किल्ल्यांचा जुडगा काढून एक किल्ली माझ्या हातात दिली. "माझी खोली घे. वर तीन मजले आहेत, खाली लादी आहे. मी सकाळची गेली की संध्याकाळी येते. वास येईल थोडा, मशीनला चालत असेल तर बघ."

तिच्या खोलीत खरंच गार होतं. लादीवर चटई, चटईवर पाट, पाटावर लॅपटॉप. आकडा पंच्याऐंशीवर जाऊन थांबला, पुढे सरकेना. मी निम्मा दिवस त्याच्याकडे बघत बसले, मग बघायचं सोडून दिलं. माझं पहिलं काम, लालबागच्या एका साखरपुड्याचं, मी तिथेच पूर्ण केलं. बाबा दुपारी जिना उतरून यायचे, दारात बसायचे. मी कामात असले तर बोलायचे नाहीत. कधीतरी विचारायचे, "किती झालाहा?" मी आकडा सांगायचे. ते मान हलवायचे, आईचा ताप उतरल्यावर हलवायचे तशी.

मधल्या वेळात मी बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओही नीट केला. आधी नुसता मशीन तपासायला घेतला होता, मग सोडवेना. एका रविवारी बहीण मुलांना घेऊन आली, आणि मावशीच्या खोलीत सगळे दाटीवाटीने बसून आम्ही तो बघितला. आई आली तेव्हा बहीण रडली. पुढे पंगतीत एक बारीक, गालफडं बसलेला माणूस पाण्याचा जग घेऊन फिरताना दिसला.

"हो कोण?" बाबांनी विचारलं.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. "बाबा, तुम्हीच ते," बहीण म्हणाली.

ते पुढे वाकले, चष्मा नीट केला. "एवढो सुकलेलंय मी?"

"तेव्हा सगळेच सुकले होते," मावशी म्हणाली. "माझा नवरा बघ ना तिकडे, सदरा खांद्यावरनं पडतोय."

बाबांनी मला चित्र मागे न्यायला लावलं. त्यांना स्वतःला बघायचं नव्हतं. त्यांच्या शेजारी बादली घेऊन एकजण उभा होता, त्याच्याकडे बोट दाखवलं. सूतखात्यात दोघे शेजारी काम करायचे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो बायकामुलांना घेऊन कणकवलीकडे गावी गेला, तो परत आला नाही. बाबा त्याच्याबद्दल बराच वेळ बोलले. तो बिगुलासारखा शिंकायचा, साच्यांची घरघर चालू असतानाही ऐकू यायचं, असं काहीतरी. मुलं हसत होती.

"ह्याची एक सीडी काढ," ते मला म्हणाले. "त्याका धाडूक."

मी सीडी काढली. त्यावर मार्करने बहिणीचं लग्न असं लिहिलं, आणि चाळीतलं कुणीतरी गणपतीला गावी चाललं होतं त्यांच्यासोबत पाठवली. परतताना त्यांनी कोकमांची एक पुडी आणली आणि बाबांच्या त्या सोबत्याचा निरोप आणला: सीडी मिळाली. ती बघायचं मशीन आमच्या वाडीत कुणाकडे नाही. पण पेटीत कापडात गुंडाळून ठेवली आहे, ओल लागणार नाही.