आबांना पटलेला पखवाज

माझे थोरले बंधू ज्योतीराम, म्हणजे आमचे दादा, हे देहूरोडच्या लष्करी डेपोत सुतार होते. लष्कराचे सामान ज्या लाकडी खोक्यांतून परगावी जाई, ती खोकी ते बनवीत. त्यांच्या हातचे खोके प्रवासात कधी खिळखिळे झाले नाही, असे त्यांचे साहेब म्हणत. मी त्यांच्याजवळच राहत असे. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु सन १९५६ मधील एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, म्हणून तीच लिहिते.

त्या वर्षी आमचे वडील सावळाराम, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, त्यांना दादांनी खटाव तालुक्यातील गावाहून आमच्या खोलीवर आणले. आबांनी चाळीस वर्षे भजनात पखवाज वाजविला होता. अर्धांगवायूने त्यांचा डावा हात गेला आणि त्यांनी भजनाला जाणेच सोडले. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडून राहत व जेवणापुरते बोलत.

त्यांचे मन रमावे म्हणून दादांनी एक जुना रेडिओ घेतला. सकाळी पुणे केंद्रावर भजन लागे. पहिल्याच दिवशी आबांनी थोडे ऐकले आणि ते म्हणाले, "बंद कर ते डबडं. उजवी बाजू तरी टकटक करतीय, पण डावी कुठं हाय? माझा हात गेला तशी ह्याची डावी गेली."

हे शब्द दादांना फार लागले. आबांना खरा वाटेल असा पखवाज या रेडिओतून काढायचाच, असे त्यांनी त्या दिवशी ठरविले.

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, त्यामुळे त्याच्या आवाजाला भार येतो. दादांनी रेडिओची पाठ उघडून पाहिली, तर आतील कर्ण्यालाही, म्हणजे स्पीकरलाही, कागदाचा ताणलेला पडदा होता. त्यांनी माझ्याकडे मळलेली कणीक मागितली. मीही शंका न घेता लिंबाएवढा गोळा काढून दिला. तो त्यांनी पडद्याच्या मध्यभागी व्यवस्थित थापला. पहिला अर्धा तास आवाज खरोखरच जड झाला व आम्हा दोघांना मोठा आनंद झाला. परंतु संध्याकाळपर्यंत कणीक वाळली, तिने कागद आवळून धरला आणि ती सोडविताना पडदा उभा फाटला.

शेजारचे भैरू हे दादांच्याच खात्यात काम करीत. त्यांनी ही हकिकत डेपोभर केली. घरी येऊनही ते म्हणाले, "ज्योतीराव, घाई केलीत. तव्यावर टाकला असता तर फुगला असता." दादा मान खाली घालून बसले. आबा मात्र भिंतीकडूनच बोलले, की वाद्याला कणीक लावणाऱ्या माणसाला हसू नये.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दादा पुण्याच्या जुन्या बाजारात गेले आणि ताटलीएवढा मोठा कर्णा घेऊन आले. एका माहितगार कारागिराकडून त्यांनी तो रेडिओला तारेने जोडून घेतला. तरीही आवाज पातळच राहिला. तेव्हा दादांच्या लक्षात आले, की पखवाजाचा निम्मा आवाज कातड्यात असतो आणि निम्मा पोकळ लाकडात. कर्ण्याला कातडे मिळाले होते, लाकूड मिळाले नव्हते. आणि लाकूड हे तर त्यांचे स्वतःचे काम होते.

त्यांनी सागाच्या जाड फळ्या आणल्या. प्रत्येक फळी बोटाने ठोकून ऐकली व एक फळी गाठ सैल आहे म्हणून परत केली. खिळा थरथरतो, म्हणून त्यांनी एकही खिळा न मारता खाचेत खाच बसवून सरसाने पेटी जोडली व कर्णा तिच्यात बसविला. मी जुन्या गादीतील कापूस पिंजून दिला, तो आतून लावला. चारी बाजूंनी बंद असताना आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येई. म्हणून दादांनी पुढच्या फळीला भोक पाडले व ते कानशीने रोज थोडे थोडे वाढवीत नेले. रोज सकाळी ऐकायचे, संध्याकाळी घासायचे, असे दोन महिने चालले. भोक जास्त झाले तर फळी वाया जाईल, ही भीती त्यांना रोज असे.

एका रविवारी सकाळी त्यांनी आबांना काहीही न सांगता रेडिओ लावला. भैरू दारात उभे होते. आधी टाळ आले, मग गाणाऱ्याचा आवाज आणि मग पखवाज. डाव्या बाजूचा घुमारा मला पायाखालच्या फरशीत जाणवला. आबा हळूहळू कुशीवर वळले. त्यांनी डोळे बारीक केले आणि बराच वेळ कपाळाला आठी घालून ऐकले. दादा त्यांच्याकडे पाहण्यास धजत नव्हते.

शेवटी आबा म्हणाले, "ह्यो पखवाजी लई घाई करतोय. गाणारा समेवर यायच्या आत ह्यो म्होरं. कुणी शिकवलं ह्याला?"

दादांनी अगदी हळू विचारले, "आबा, आवाज कसा हाय?"

"आवाजाचं काय इचारतोस? मी त्या माणसाबद्दल बोलतोय."

भैरूंनी आत येऊन दादांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून आबा भजनाच्या आधीच उठून बसत आणि पखवाज वाजविणाऱ्याला भरपूर बोल लावीत. दादा कामावर निघताना ते बोलणे दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकत, मगच सायकल काढीत.