दादाची जहाजं

मित्रांनो, मी इथे सहसा काही लिहीत नाही. आज एक विचारायचं आहे म्हणून लिहितो.

माझ्या मोठ्या भावाला जाऊन महिना झाला. चिखलीत बसून दादा कॉम्प्युटरवर जुन्या काळातल्या शिडाच्या जहाजांच्या लढाया खेळायचा. समोर ऑनलाइन एक गृहस्थ असायचे. दोघं रोज एकेक चाल करायचे.

आज दुपारी दादाच्या खात्यावरून मी त्यांना बातमी कळवली. थोड्या वेळाने उत्तर आलं, "फार वाईट झालं. लढाई अर्धी राहिली आहे. त्यांची जहाजं आता कॉम्प्युटरकडे सोपवायची का?"

मी वहिनीला वाचून दाखवलं.

"मशीनच्या हाती काऊन देता भाऊजी? तुम्ही चालवा न."

"मले कुठं येते?"

"हरलं तरी घरातलंच माणूस हरन."

मग मी दादाच्या खुर्चीत बसलो. पहिल्याच चालीत आपलंच एक जहाज बुडवलं.

"ते असते तं लय चिडले असते," वहिनी म्हणाली आणि आत निघून गेली.

अजून पाच जहाजं आहेत. मला जिंकायचं नाही, ती फक्त बंदरात परत आणायची आहेत. तुमच्यापैकी कोणी असे खेळ खेळत असेल तर सांगा, वारा समोरून असताना जहाजं मागे कशी वळवतात?