ट्रॅपेझियमचा झोपाळा

माझ्या वन्संनी जन्मभर शाळेत भूमिती शिकवली. फळ्यावर आकृती काढण्याआधी तिच्या नावाची गोष्ट सांगायची, ही त्यांची पद्धत. ऱ्हॉम्बस, म्हणजे समभुज चौकोन, हे नाव ग्रीकांच्या भिंगरीवरून आलं, हे त्या गरकन हात फिरवून दाखवत. ट्रॅपेझियम, म्हणजे समलंब चौकोन, मात्र सर्कशीच्या झोपाळ्यावरून, ट्रॅपीझवरून आला, असं सांगत. वर आढं, खाली दांडी, बाजूंना दोन दोर, झाला चौकोन! हे त्यांनी स्वतःच जुळवलं होतं. कोश उघडून पाहिलाच नाही.

एकदा एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, ग्रीकमध्ये ते टेबल आहे. बाबा सांगत होते."

"टेबल? मग तूही चार पायांवर उभी राहा बघू!"

वर्ग खो खो हसला. तेव्हापासून ती टेबलच झाली. पुढे आमच्या गल्लीत तिने शिवणकामाचं दुकान टाकलं, तरी नाव सुटलं नाही. "टेबलकडे ब्लाउज टाकलाय" असं मीही बिनदिक्कत म्हणायची.

गेल्या महिन्यात वन्संचा अंगठा दुखू लागला. डॉक्टरांनी हाडांचा प्लास्टिकचा पंजा पुढे घेऊन अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं. "आजी, झीज इथे आहे. ह्या हाडाला ट्रॅपेझियम म्हणतात."

"म्हणजे झोपाळा," वन्सं म्हणाल्या.

"छे हो, छोटं टेबल! ग्रीक शब्द आहे. मानेपासून पाठीवर पसरलेला स्नायू ट्रॅपेझियस, तोही त्याच घराण्यातला. झोपाळ्याला ते नाव फार उशिरा मिळालं."

वन्संचा चेहरा उतरला. घरी येऊन चपलाही न काढता त्या म्हणाल्या, "वहिनी, कुठल्या तोंडाने जाऊ तिच्याकडे?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

दुकानात तीन-चार बायका होत्या. वन्सं तिच्याजवळ जाऊन पुटपुटल्या, "तुझंच बरोबर होतं गं. चुकलं माझं."

कापडावर खडूने रेघ ओढणारा तिचा हात थांबला. "बाई, हसवलंत सगळ्यांसमोर. आणि हे कानात सांगता?"

वन्संचे कान लाल झाले. मग मशीनला हात टेकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. चार पायांचंही गाळलं नाही. एक बाई फिसकन हसली. दुसरीने मात्र ओशाळून विचारलं, "अगं, मग तुझं खरं नाव काय?"

तिने सांगितलं. वन्संना ते आठवत नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं.