पाठीवरचे केस

नाशिकहून निघताना मी घरात खोटं बोलले. मुलाला सांगितलं, लोणावळ्याला मैत्रिणीकडे चाललेय, येताना चिक्की आणते. खरं कारण फक्त सुनेला ठाऊक होतं. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेली मी अस्वलाच्या केसांचा ताईत आणायला निघाले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कारण माझी नात, दीड वर्षाची मनवा. कुकरची शिट्टी झाली तरी ती श्वास अडकेपर्यंत रडायची. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, मोठी होईल तसं जाईल. पण सुनेचा जीव अर्धा झाला होता आणि मला माझं लहानपण आठवत होतं. वडील मावळात इंदुरीच्या शाळेत शिक्षक होते. मीही अशीच भित्री. मग गावात एक दरवेशी (अस्वल घेऊन गावोगाव फिरणारा) आला. आईने मला अस्वलाच्या पाठीवर बसवलं, त्याचे केस ताईतात घालून गळ्यात बांधले आणि माझी भीती गेली. तो ताईत पुढे घर बदलताना हरवला. त्यावरचा विश्वास तेवढा राहिला.

लोणावळ्यात मे महिन्याची गर्दी होती. एका बाईकडून द्रोणभर करवंदं घेतली, बोटं जांभळी करून खाल्ली आणि बाजारात खडे-अंगठ्यांच्या दुकानात शिरले. हळूच विचारलं. दुकानदाराने आधी दाराकडे पाहिलं, मग खणातून काळ्या केसांची पुडी काढली. "एकदम ओरिजिनल, मॅडम." असे केस बाळगणं गुन्हा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी पुडी पर्समध्ये रुमालाखाली ठेवली. काम झालं होतं, पण एवढ्या जवळ आल्यावर इंदुरी न बघता परतणं मनाला पटेना.

पुण्याची लोकल धरून तळेगावला उतरले, तर स्टेशनवरच चपलेचा अंगठा तुटला. पिन लावून फरफटत इंदुरीच्या रिक्षात बसले. वाटेत रिक्षावाल्याला सहज विचारलं, पूर्वी इकडे दरवेशी यायचे, आता कुणी आहे का?

"हुसेनआबा हाय की. पर आता अस्वल न्हाई, मावशी. त्यांचा नातू नवलाख उंबऱ्याला कंपनीत जातो. किल्ल्याच्या मागं घर हाय, सोडतो तितं."

हुसेनआबा ओट्यावर बसून लसूण सोलत होते. सत्तरी ओलांडलेली, डोळे अजून तल्लख. मी गुरुजींची मुलगी म्हणून ओळख सांगितली, तर लगेच म्हणाले, "चंपीच्या पाठीवर बसून भोकाड पसरलं व्हतं, ती का तुमी?" त्यांच्या सुनेने चहा आणि गरम कांदाभजी आणली. पन्नास वर्षांनी कुणी मला इतकं अचूक ओळखेल असं वाटलं नव्हतं. मग मी मनवाची गोष्ट सांगितली आणि पुडी दाखवली. त्यांनी एक केस काडीने पेटवला. प्लास्टिकचा वास आला.

"ब्रशचं हाय," ते हसले. मीही हसले, पण चांगलीच खजील झाले.

मग चंपीच्या, त्यांच्या अस्वलीच्या, गोष्टी निघाल्या. "वरचं म्होरलं दोन दात तिला न्हवतंच."

"अस्वलांना नसतातच," माझ्यातली शिक्षिका बोलली. "त्या फटीतून वाळवी ओढून घेतात."

"व्हय. वारुळाला तोंड लावलं की आवाज रस्त्यापातूर यायचा. सुळं मात्र आमी पाडलं. नाकात तापल्या सळईनं भोक पाडून दोरी घातली." हे सांगताना ते लसणाकडेच बघत होते. मी हातातली भजी बशीत परत ठेवली.

"एवढं सोसून ती पोरांना पाठीवर कशी बसू द्यायची?"

आबांनी लसूण बाजूला सारला. "तिला पिल्लू असताना आनली. आईला मारल्याबिगर पिल्लू हाताला लागत न्हाई. अस्वलीन पिल्लं पाठीवर घेऊन हिंडती. आई पडली तरी ही पाठ सोडंना. माज्या बापानं वढून काढली, तवा दोनी मुठींत आईचं केस तसंच. पुढं तिच्या पाठीवर पोर बसलं आन् केस धरलं, की ती हलायचीच न्हाई. लोकास्नी वाटायचं, काठीला भिती. मला ठावं हाय. पोर पडंल म्हनून उभी ऱ्हायची. आन् तुमी तर उतरायलाच तयार न्हवता. वढून काढलं, तर तुमच्या मुठीत तिचं केस. त्येच तुमच्या आईनं ताईतात घातलं."

अस्वलाच्या खांद्यांवरचे केस लांब असतात, पिल्लं ते धरून बसतात, हे मी दरवर्षी फळ्यापुढे उभी राहून सांगितलं होतं. ते केस धरून मी स्वतः बसले होते, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

आबा आत जाऊन पत्र्याची डबी घेऊन आले. आत फडक्यात काळ्या केसांचा पुंजका होता. "चंपीच्या मुठीतलं. तिच्या आईचं. कुनाला दिलं न्हाई. तुमच्या नातीसाठी घ्या."

मी ज्यासाठी आले होते, ते समोर होतं. मी केसांना बोट लावलं. राठ होते, धुळीने भरलेले. आईपासून ओढलेल्या पिल्लाच्या मुठीतले ते केस मला उचलवेनात.

"ठेवा, आबा," मी म्हणाले. त्यांनी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले. सुनेने डोळ्यांनीच विचारलं, मी नकारार्थी मान हलवली. तिचा चेहरा उतरला. जमिनीवर गुडघे टेकून, वाकून चिक्कीची पिशवी सोडत होते, एवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मनवा किंचाळत धावत आली, माझ्या पाठीवर चढली आणि दोन्ही मुठींनी माझे केस घट्ट धरले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सून तिला उचलायला धावली. मी मानेनेच नको म्हटलं.

दुसरी शिट्टी झाली. मुठी आणखी आवळल्या, पण रडणं थांबलं होतं. कंबर भरून आली, तरी मी हलले नाही.