गायकवाड सरांचा अर्धा सिनेमा

सिनेमातला व्यसनी मुलगा बरा होऊन घरी येतो, आई दार उघडते, संगीत वाढू लागतं आणि नेमका तिथेच गायकवाड सर सिनेमा बंद करायचे. कात्रजच्या पलीकडे एका व्यसनमुक्ती केंद्रात ते समुपदेशक होते. त्याआधी स्वतः पिणारे. रविवारी नातेवाइकांना बोलावून ते सगळ्यांना असा एखादा सिनेमा दाखवत. "शेवट पाहिला की यांना वाटतं, घरी पोचलं की झालं," म्हणायचे.

माझा नवरा विनय तिथे होता. मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर कामाला असायचा, पुढे पुढे नुसताच प्यायचा. पहिल्या रविवारी सरांनी पेशंटना काही विचारलं नाही. मागच्या खुर्चीवर मी होते, मला विचारलं, "आपल्याला काय दिसलं, ताई?"

मी म्हटलं, त्यातली बायको फार रडते. मला रडू येत नाही. विनयला गाडीत घालून नेलं तेव्हा मी वर जाऊन कुकर लावला होता.

विनय जमिनीकडे बघत होता. सर म्हणाले, "लावायलाच हवा होता. तुम्हाला भूक लागली असेल." मला कुणीतरी तेवढं म्हणायला हवं होतं, हे घरी आल्यावर कळलं.

एकदा टीव्हीवर विनोदी सिनेमा लागला होता. दारुडा गटारात पडला, सगळे पेशंट हसले. सरही हसले. मग शांतपणे म्हणाले, "आपणही असेच पडलो होतो. फक्त यात उचलणाऱ्या माणसाचा शॉट कापलाय."

त्यांची स्वतःची हकिकत त्यांनी एकदाच सांगितली, तीही मी विचारलं म्हणून. दारू सोडून ते घरी गेले तेव्हा बायकोने दार उघडलं नाही. पुढे कधीच नाही. "तिचं काही चुकलं नाही. दार तिचं होतं," एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

विनय घरी आल्यावर काही महिन्यांनी पुन्हा प्यायला. मी सरांना फोन केला. ते बसने मांजरीला आमच्या घरी आले, विनयच्या शेजारी पलंगावर बसले. त्याला रागावले नाहीत. मला म्हणाले, "मी आहे इथे. तुम्ही जेवून घ्या." मी स्वयंपाकघरात बसून वरणभात जेवले. चव लागली नाही, पण पोट भरलं. संध्याकाळी विनय त्यांच्याबरोबर केंद्रात परत गेला. त्यानंतर तो प्यायलेला नाही. उद्याचं मी बोलत नाही.

गेल्या वर्षी सर हार्ट अटॅकने गेले. स्मशानात केंद्रातली माणसं होती, विनयने खांदा दिला. एक बाई लांब, भिंतीशी उभ्या होत्या. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आल्या. "मी सरांची बायको," म्हणाल्या.

"नंतर कधी प्यायले नाहीत ना?"

"नाही. शेवटपर्यंत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो चेहरा मला चांगला ठाऊक होता. जेवलात का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. विनयला पुढे व्हायला सांगून मी त्यांना समोरच्या हॉटेलात घेऊन गेले. समोरची इडली त्यांनी सावकाश, सगळी खाल्ली.