बारशाचा दिवस आणि अ‍ॅझ्टेकांचे देव

सानपाड्याच्या आमच्या घरी दादाच्या मुलीचं बारसं ठरलं होतं. आत्या म्हणून तिच्या कानात नाव मी सांगायचं होतं. आदल्या दिवशी मोठी काकू घणसोलीहून आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “मूळ नक्षत्रावर झालीय म्हणे! म्हणजे हिच्यासारखीच. घरात दोन झाल्या.”

हिच्यासारखी म्हणजे माझ्यासारखी. माझी पत्रिका परत आली की आई ती कपाटात ठेवते. वहिनीने बाळाला जवळ घेतलं. बाळाच्या मागे तरी हा शब्द लागू नये असं मला फार वाटलं. पण इंग्रजी शाळेत गेल्यापासून मोठ्यांसमोर बोलताना माझं मराठी अडतं.

त्या दिवसांत मी टॅबवर मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांची एक जुनी चित्रपोथी बघत होते. हरणाच्या कातड्याची, घड्या घातलेली लांबच लांब पट्टी. उलगडली तर आमचा हॉल पुरणार नाही. ओळी नाहीत, नुसते देव, आणि प्रत्येक दिवसावर त्यांतल्या कोणाची तरी सत्ता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकेका मुकुटातली पिसं बघत मी किती वेळ बसले, कळलंच नाही. अशा कितीतरी पोथ्या स्पॅनिश लोकांनी जाळल्या. ही मात्र वाचली, आणि रंग अजून ताजे.

बोलायच्या ऐवजी मी टॅबच काकूपुढे धरला.

“हा कोण गं? चष्मा लावलाय!”

“त्लालोक. पावसाचा देव.”

काकूने टॅबला हात जोडले.

मी धीर केला. “मूल झालं की तिथे जाणत्याला बोलवायचे. तो पोथी उघडून दिवस बघायचा. वाईट निघाला तर जवळचा चांगला दिवस शोधून त्या दिवशी नाव ठेवायचे.”

“आणि दोष?”

“मूल त्या चांगल्या दिवसाचं झालं की.”

काकूने त्लालोककडे पुन्हा पाहिलं. उठून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं, चष्मा लावला आणि तिथीवरून बोट फिरवू लागली. पोथीसमोर बसलेला तो जाणता मला तेव्हा दिसला.

“उद्याचं बारसं परवा ठेवा. फार चांगला दिवस आहे. आणि पोरीला कोणी मूळबीळ म्हणायचं नाही, सांगून ठेवते.”

मग आईकडे वळून म्हणाली, “हिचं बारसं कधी केलं होतं गं?”

आई म्हणाली, “दसऱ्याला.”

“मग झालं तर,” काकू मला म्हणाली, “तू दसऱ्याची.”